बंद पडलेले इंजिन : बांधावे, बदलावे की गाडीच काढावी?

मानेवाडेकर | १२ मे, रात्री ९.४०

नमस्कार. माझ्याकडे २०१४ सालची १.२ लिटर, चार सिलिंडरची पेट्रोल हॅचबॅक आहे. नोंदणी नागपूरची (एमएच ३१), मी पहिलाच मालक आणि गाडी आतापर्यंत १ लाख १८ हजार किलोमीटर चाललेली आहे. रविवारी भर दुपारी यवतमाळहून परत येत होतो. एसी चालू होता, गाडीत आई आणि दोन मुले होती. सेलू ओलांडल्यावर एसीची हवा कोमट यायला लागली, तेव्हा गॅस संपला असेल असे वाटून मी दुर्लक्ष केले. या गाडीला तापमानाचा काटा नाही, फक्त लाल दिवा आहे. तो दिवा केळझरच्या अलीकडे लागला, आणि उन्हात आईला कुठे उतरवायचे या विचाराने सावली शोधत मी आणखी चार-पाच किलोमीटर गाडी तशीच दामटली. मग बॉनेटमधून वाफ आली आणि इंजिन आपोआप बंद पडले. अर्ध्या तासाने प्यायच्या बाटलीतले पाणी ओतून पाहिले. स्टार्टर फिरला, पण इंजिन सुरू झाले नाही.

गाडी टो करून मानेवाड्याला आणली. आता चार पर्याय माझ्यासमोर आहेत. नेहमीच्या गॅरेजवाल्यांनी गाडी न उघडताच ‘हाफ इंजिन करावे लागेल’, म्हणजे इंजिन बरेचसे उघडून आतले भाग बदलावे लागतील, असे सांगून ६८,००० रुपयांचा अंदाज दिला. दुसऱ्या गॅरेजने अपघातग्रस्त गाडीतून काढलेले इंजिन बसवून देण्याचे ४२,००० रुपये सांगितले, हमी एक महिन्याची. अधिकृत सेवा केंद्रात नवीन इंजिन मजुरीसह दीड लाखाच्या घरात जाते आणि तीन आठवडे थांबावे लागेल. जुन्या गाड्यांच्या एका व्यापाऱ्याने आहे त्या स्थितीत ५५,००० रुपये देऊ केले आहेत. चालू स्थितीत हीच गाडी दोन लाखांना सहज गेली असती. बॉडी, गिअरबॉक्स, सस्पेन्शन उत्तम आहे, टायर मागच्या दिवाळीत बदलले आहेत. काय करावे?

हिशेबनीस | १२ मे, रात्री १०.१५

गाडीची किंमत दोन लाख आणि दुरुस्ती सत्तर हजार, म्हणजे किमतीच्या एक तृतीयांशाहून जास्त, अशी तुलना बहुतेक लोक करतात. ती मला चुकीची वाटते. तुमच्याकडे आज दोन लाखांची गाडी नाही. ५५,००० रुपयांचे लोखंड आहे. दुरुस्त झाल्यावर ते दोन लाखांचे होते. मधला फरक १ लाख ४५ हजार रुपयांचा आहे, म्हणून दुरुस्ती त्याहून बऱ्यापैकी कमी खर्चात आणि खात्रीने होत असेल तरच ती करावी. यातला ‘खात्रीने’ हा शब्द महत्त्वाचा, कारण नवीन इंजिनाचा दीड लाख या फरकाच्याही वर जातो आणि तो पर्याय तिथेच बाद होतो.

नवीन गाडीचा मोह होत असेल तर तोही आकड्यांत पाहा. सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे किमती उतरल्या हे खरे आहे. तरीही पाच लाखांचे कर्ज नऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले तर हप्ता सुमारे १०,३८० रुपये पडतो आणि पहिल्या वर्षाचे नुसते व्याजच ४१,६०० च्या आसपास जाते. त्यात गाडीची किंमत घटते ती वेगळी. विम्याच्या घसारा तक्त्यात एक वर्ष उलटले की वीस टक्के धरलेले असतात.

निवृत्त फोरमन | १३ मे, सकाळी ६.५०

हिशेब बरोबर आहे, पण तो एक पायरी आधी मांडला गेला आहे. इंजिनाचे नेमके काय गेले हे अजून कोणालाही ठाऊक नाही. वाफ आली आणि गाडी बंद पडली, एवढ्यावर ‘हाफ इंजिन’ सांगणे म्हणजे रुग्णाला न तपासता शस्त्रक्रियेची तारीख देणे आहे. मात्र त्या गॅरेजवाल्याला लबाड ठरवण्याची घाई करू नका. अर्धे काम करून दिलेली गाडी महिन्याभराने परत आली की शिव्या त्यालाच बसतात, म्हणून तो सगळेच बदलण्याचा अंदाज देऊन स्वतःला सुरक्षित करतो. मी स्वतः बत्तीस वर्षे हेच काम केले आणि असे अंदाज दिलेही आहेत.

तापलेल्या इंजिनात बिघाड क्रमाने होत जातो. हेड, म्हणजे सिलिंडरांवरचे झाकण, ॲल्युमिनियमचे असते आणि ॲल्युमिनियम उष्णतेने ओतीव लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. हेड बोल्टांनी आवळलेले असल्याने त्याला पसरायला जागा मिळत नाही आणि ते वाकते. मग हेड आणि ब्लॉक (सिलिंडर असलेला खालचा भाग) यांच्यामधले गॅस्केट, म्हणजे गळती रोखणारा पातळ थर, जळते, सिलिंडरमधला दाब पाण्याच्या वाटेत किंवा शेजारच्या सिलिंडरमध्ये शिरतो. यानंतरही गाडी रेटली तर पिस्टन फुगून बोअरला (सिलिंडरच्या आतल्या भिंतीला) घासतो, पिस्टनभोवतीच्या रिंगांचा ताण जातो आणि शेवटी इंजिन जाम होते. तुमचे इंजिन यांतल्या कुठल्या टप्प्यावर थांबले, तेवढेच शोधायचे आहे. पहिल्या टप्प्यावर थांबले असेल तर खर्च निम्म्यावर येतो. शेवटच्या टप्प्यावर असेल तर हाफ इंजिनही पुरणार नाही.

दिवा उशिरा का लागला, हेही लक्षात घ्या. सेन्सर पाण्यात बुडालेला असतो. पाणी गळून गेले की तो वाफेत किंवा कोरड्या हवेत उरतो आणि त्याला खरे तापमान कळत नाही. एसी कोमट झाला तेव्हाच बहुधा इंजिन तापू लागले होते, कारण तापमान वाढले की बऱ्याच गाड्यांत कॉम्प्रेसर आपोआप बंद केला जातो.

पुढील गोष्टी तपासून येथे लिहा. क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) पुलीच्या बोल्टवर पाना लावून इंजिन हाताने पूर्ण दोन फेरे फिरते का? डिपस्टिकवरचे ऑइल स्वच्छ आहे की दुधाळ चहासारखे झाले आहे? चारही प्लग काढून प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन (आत तयार होणारा दाब) मोजून घ्या आणि आकडे कागदावर लिहून मागा. ज्या सिलिंडरचा आकडा कमी असेल त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजायला सांगा. आकडा वाढला तर रिंग किंवा बोअर खराब आहे. वाढला नाही तर दोष वर, म्हणजे व्हॉल्व्ह किंवा गॅस्केटमध्ये आहे. या तपासणीला हजार-दीड हजार रुपये लागतील, आणि तुमच्या सगळ्या खर्चात हेच पैसे सर्वांत सार्थकी लागतील.

वाडीचा टुरिस्टवाला | १३ मे, सकाळी ११.०५

फोरमनसाहेबांबद्दल आदर ठेवून थोडा मतभेद नोंदवतो. माझ्या तीन गाड्या भाड्याने चालतात आणि त्यांतल्या एकीत मी जुने इंजिन बसवले आहे. त्यावर ७० हजार किलोमीटर झाले, तक्रार नाही. इंजिन बांधायला दहा-बारा दिवस जातात, बदलायला दोन पुरतात, आणि माझ्यासाठी गाडी उभी राहिली की रोजचे भाडे बुडते. शिवाय बांधलेले इंजिन बांधणाऱ्याच्या हातावर अवलंबून असते. कंपनीच्या कारखान्यात जुळवलेले आणि कधीच न उघडलेले इंजिन मला त्यापेक्षा बरे वाटते.

पण ते घेण्याची रीत आहे. नुसते जमिनीवर ठेवलेले इंजिन घेऊ नये. स्टँडवर चालू करून दाखवायला सांगावे, कॉम्प्रेशन आपल्यासमोर मोजावे, ऑइल भरण्याचे झाकण उघडून आत काळा चिखल साचला आहे का ते पाहावे. समोरून धडक बसलेल्या गाडीचे इंजिन घेण्यापेक्षा मागून ठोकल्या गेलेल्या गाडीचे घ्यावे. आणि मूळ गाडीची कागदपत्रे नसतील तर कितीही स्वस्त असले तरी हात लावू नये.

अंबाझरीकाठ | १३ मे, दुपारी १.३०

कागदपत्रांच्या मुद्द्यावर माझा अनुभव सांगणे भाग आहे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीचे पाणी आमच्या वस्तीत शिरले, तेव्हा माझी गाडी बॉनेटपर्यंत बुडाली होती. पाणी उतरल्यावर घाबरलेल्या अवस्थेत मी चावी फिरवली. ती चूक होती. सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर आला, पाणी काही दाबले जात नाही, त्यामुळे पिस्टनला क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड वाकला. विमा होता, पण इंजिन संरक्षणाची जोड घेतलेली नव्हती. चावी फिरवल्यामुळे झालेले नुकसान मूळ विम्यात येत नाही असे मला कळवण्यात आले. तुमच्या बाबतीतही विम्याची आशा ठेवू नका. साध्या सर्वसमावेशक विम्यात यांत्रिक बिघाड वगळलेला असतो.

मग मी जुने इंजिन बसवले. ते चालले चांगले, तक्रार इंजिनाबद्दल नाहीच. पावणेदोन वर्षांनी गाडी विकायला काढली तेव्हा खरेदीदाराने चासी क्रमांक जुळवला, इंजिन क्रमांक मात्र जुळेना आणि व्यवहार तिथेच थांबला. इंजिन बदलून देणाऱ्याने ‘आरटीओचे नंतर पाहू’ असे म्हटले होते आणि मीही ते नंतर पाहिलेच नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार खासगी गाडीचे इंजिन बदलण्याआधी नोंदणी प्राधिकाऱ्याची मान्यता घ्यायची असते. मान्यतेशिवाय बदलले तर १४ दिवसांच्या आत कळवून नोंदणी प्रमाणपत्रात नोंद करून घ्यावी लागते. ते इंजिन मुळात कोणत्या गाडीचे, त्याचे बिल कुठे, या प्रश्नांची उत्तरे मिळवण्यासाठी मी गिरीपेठेच्या कार्यालयात आणि त्या व्यापाऱ्याकडे किती चकरा मारल्या, त्याचा हिशेब ठेवला नाही. गाडी शेवटी तीस हजारांनी कमी भावात गेली. स्वतःचेच इंजिन दुरुस्त केले असते तर क्रमांक तोच राहिला असता आणि हा प्रश्न उद्भवलाच नसता.

वाडीचा टुरिस्टवाला | १३ मे, दुपारी २.१०

हे मान्य. माझ्या गाडीची नोंद मी आधीच करून घेतली होती, म्हणून मला त्रास जाणवला नाही. ४२,००० मध्ये ती नोंद, विम्यातला बदल आणि कागदांचा खर्च धरला आहे का, हे मानेवाडेकरांनी नक्की विचारावे. बहुधा धरलेला नसतो.

मानेवाडेकर | १६ मे, रात्री ८.२०

विचारले. धरलेला नाही, आणि मूळ गाडीचे कागद ‘मागवून देऊ’ असे उत्तर मिळाले. तो पर्याय मी बाजूला ठेवला आहे.

आता तपासणीचे निष्कर्ष. इंजिन पान्याने पूर्ण फिरते, कुठे अडकत नाही. ऑइल दुधाळ झाले आहे. कॉम्प्रेशन पहिल्या सिलिंडरमध्ये १६५, दुसऱ्यात १६०, तिसऱ्यात ६० आणि चौथ्यात ५५ पीएसआय निघाले. तिसऱ्या-चौथ्यात ऑइल टाकून पुन्हा मोजले, तर आकडे जेमतेम पाचने हलले. पाणी कुठून गेले तेही सापडले. इंजिनाच्या मागच्या बाजूला, हीटरकडे जाणाऱ्या नळीच्या प्लास्टिकच्या सांध्याला केसासारखी भेग होती. दाब देऊन पाहिल्यावरच ती दिसली.

एक गोष्ट लाजत कबूल करतो. गेली चार-पाच वर्षे मी कूलंटऐवजी घरच्या बोअरचेच पाणी वर भरत आलो आहे.

निवृत्त फोरमन | १६ मे, रात्री ९.००

आकडे बोलके आहेत. शेजारशेजारचे दोन सिलिंडर सारखेच पडले आणि ऑइल टाकूनही वाढले नाहीत, याचा अर्थ तिसऱ्या आणि चौथ्याच्या मधले गॅस्केट फुटले आहे, असे मी नव्वद टक्के खात्रीने म्हणेन. रिंग-बोअर वाचलेले दिसतात. म्हणजे आता हेड उघडायला हरकत नाही, पण गॅरेजवाल्याशी बोलताना काम टप्प्याटप्प्याने ठरवा : हेड उघडून मोजमाप झाले की आधी तुम्हाला बोलवायचे, तुम्ही पाहायचे, मगच पुढचा खर्च.

बोअरच्या पाण्याबद्दल रागावत नाही, अर्धे नागपूर हेच करते. त्या पाण्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत जमतात. दुसरे असे की साधे पाणी उघड्यावर १०० अंशांना उकळते, तर निम्मे कूलंट आणि निम्मे शुद्ध पाणी, त्यावर साधारण एक बारचा दाब धरणारे झाकण, असे असेल तर १२० अंशांच्या पुढे जाऊनही उकळी येत नाही. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ वर असताना एवढी सवलत हातची सोडायची नाही. रेडिएटर धुऊन वापरण्याचा आग्रह धरू नका, बदला. आणि कोणी थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा सल्ला दिला तर ऐकू नका. इंजिनाला ठरावीक तापमान लागते. कायम थंड राहिलेले इंजिन जास्त पेट्रोल पिते आणि लवकर झिजते.

हेड उघडल्यावर चार गोष्टी पाहा. सरळ पट्टी आणि फीलर गेजने (फट मोजण्याच्या पात्यांनी) हेड किती वाकले ते मोजा, ०.०५ मिलिमीटरच्या आत असेल तर बहुतेक कंपन्या ते चालवून घेतात. मशीन शॉपमध्ये हेडला दाब देऊन तडा नाही ना, याची खात्री करा. बोअरच्या भिंतीवर होनिंगच्या (भिंत घासून किंचित खरखरीत करण्याच्या) तिरप्या रेषा अजून दिसतात का आणि उभे ओरखडे आहेत का ते पाहा. चौथी गोष्ट बरेच जण विसरतात : हेड वाकले असेल तर त्याच्या वर बसणाऱ्या कॅमशाफ्टच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या) जागाही वाकलेल्या असतात. खालची बाजू घासून सपाट केली तरी वरची वाकलेलीच राहते. फेसिंगनंतर कॅमशाफ्ट रिकामा बसवून, टोप्या आवळून, बोटांनी फिरवून पाहायचा. अडकला तर ते हेड घेऊ नका, दुसरे शोधा.

धरमपेठी | १७ मे, सकाळी १०.४५

हे सर्व ई-२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलमुळे झाले असण्याची शक्यता कोणीच का मांडत नाही? २०१४ ची गाडी आहे.

निवृत्त फोरमन | १७ मे, सकाळी ११.३०

इथेनॉलचा प्रश्न जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या आणि सील यांच्या संदर्भात वेगळा आहे आणि त्यावर वेगळा धागा काढावा. इथे पाणी गळले, तडकलेला सांधा हातात आला आहे. हाती कारण असताना दुसरे शोधायला जाऊ नये.

मानेवाडेकर | २३ मे, रात्री १०.१०

हेड उघडले, मी समोर होतो. गॅस्केट तिसऱ्या-चौथ्याच्या मध्ये काळे होऊन तुटलेले होते. हेड ०.१८ मिलिमीटर वाकले होते. बोअरवर तिरप्या रेषा स्पष्ट दिसतात, झीज मर्यादेत आहे, पिस्टनच्या बाजूंवर घासल्याच्या खुणा नाहीत. हेड हिंगणा एमआयडीसीतील मशीन शॉपमध्ये दिले. दाबाची चाचणी उत्तीर्ण झाली आणि ०.२० मिलिमीटर फेसिंगमध्ये ते सपाट झाले. कॅमशाफ्टची चाचणी सांगितल्यावर तिथल्या कारागिरांनी माझ्याकडे आश्चर्याने पाहिले, पण केली. बोटांनी फिरतो.

ऑइलमध्ये पाणी मिसळले असल्यामुळे चेंबर (इंजिनाखालचे ऑइलचे भांडे) उतरवून कनेक्टिंग रॉडचे बेअरिंगही पाहिले. दोन बेअरिंगांवर फिकट चट्टे होते. क्रँकला काही झालेले नाही, म्हणून त्याच मापाचे नवीन बेअरिंग टाकायचे ठरले.

माझा एक प्रश्न उरला आहे. इतके उघडलेच आहे तर रिंग बदलून टाकाव्यात का? गॅरेजवाले म्हणतात, ‘आता नऊ हजारांत होईल, नंतर तीस लागतील.’

निवृत्त फोरमन | २३ मे, रात्री १०.४०

तुमची गाडी ऑइल खात होती का? दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये ऑइल वर भरावे लागत होते का?

मानेवाडेकर | २३ मे, रात्री १०.४५

कधीच नाही.

निवृत्त फोरमन | २३ मे, रात्री ११.००

मग हात लावू नका. १६५ आणि १६० देणाऱ्या रिंगा निरोगी आहेत, आणि तिसऱ्या-चौथ्याच्या भिंती तुम्ही डोळ्यांनी पाहिल्या आहेत. नव्या रिंगा जुन्या बोअरला होनिंग न करता टाकल्या तर त्या बसतच नाहीत आणि न खाणारी गाडी ऑइल खायला लागते. होनिंग करायचे तर ब्लॉक पूर्ण मोकळा करावा लागतो, म्हणजे नऊ हजारांत होणारे ते काम नाही. ‘उघडलेच आहे तर’ या तीन शब्दांनी नागपुरातली कित्येक गॅरेजे उभी राहिली आहेत. माझेही त्यातच धरा. हेडचे बोल्ट मात्र नवीन घ्या. आजच्या बऱ्याच इंजिनांत ते आवळताना मुद्दाम ताणले जातात आणि दुसऱ्यांदा तीच पकड देत नाहीत. हे बोल्ट कंपनीने दिलेल्या क्रमाने आणि टॉर्क पान्यानेच आवळायचे.

हिशेबनीस | २४ मे, सकाळी ८.३०

बिल पक्के घ्या आणि मशीन शॉपची पावतीही जपून ठेवा. ‘इंजिन उघडले होते’ एवढे ऐकूनच खरेदीदार किंमत पाडतो. काय केले आणि का केले हे कागदावर दाखवता आले तर तो बराच नरमतो.

मानेवाडेकर | ७ जून, रात्री ९.१५

गाडी ३१ मे रोजी मिळाली. हेडचे फेसिंग आणि चाचणी ४,२००, गॅस्केट संच आणि बोल्ट ६,८००, रेडिएटर, सर्व नळ्या, थर्मोस्टॅट आणि झाकण ८,६००, पाण्याचा पंप आणि टायमिंग चेन ७,९००, बेअरिंग, ऑइल, फिल्टर आणि कूलंट ५,४००, मजुरी ९,०००. एकूण ४१,९०० रुपये. चेन आत्ताच बदलणे सक्तीचे नव्हते, पण १ लाख १८ हजारांवर ती पुन्हा त्याच जागी बसवायला मन धजावले नाही. नोंदणीची पंधरा वर्षे २०२९ मध्ये पूर्ण होतील. नूतनीकरणाच्या ५,००० रुपयांचा आणि नव्या गाडीचा विचार तेव्हा करीन.

डायग्नोस्टिक सॉकेटमध्ये लावायचे एक छोटे यंत्रही घेतले आहे. त्यावर तापमान अंकांत दिसते. रिंगरोडच्या गर्दीत ९६ पर्यंत जाऊन पंखा लागला की ९० वर येते. काल आईला घेऊन वर्ध्याला जाऊन आलो. केळझरच्या चढाला ९३ होते. अंक वाचून दाखवण्याचे काम मुलांकडे दिले आहे, ती ते नको इतक्या उत्साहाने करतात.

निवृत्त फोरमन | ७ जून, रात्री ९.५०

सकाळी थंड इंजिनावर कूलंटच्या टाकीतली पातळी पाहिली का? परवापेक्षा उतरली आहे का?

मानेवाडेकर | ८ जून, सकाळी ६.४०

आत्ताच पाहिली. वरच्या रेषेपासून साधारण बोटभर खाली आहे.

निवृत्त फोरमन | ८ जून, सकाळी ७.०५

अडकलेली हवा निघाली असेल. पहिल्या आठवड्यात इतके चालते. आज रेषेपर्यंत भरा, बाजूला तारीख लिहून ठेवा आणि रविवारी सकाळी पुन्हा पाहून इथे कळवा. पुन्हा उतरली तर हीटरच्या नळीपासून शोध सुरू करू.